सातव्या दिवसाची भेट

दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्हा आशा सेविकांना सहा गृहभेटी असतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं, त्यातून हे काम पुढे देशभर आलं.

दिघ्यातली ही बाळंतीण तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच होती, म्हणून माझी पहिली भेट सातव्या दिवशी. जानेवारीची सकाळ. आजीने बाळाला नुकतंच न्हाऊ घालून गोधडीत गुंडाळलं होतं.

"लई गुणाचं हाय ताई, रडतच नाही."

मला तेच खटकलं. हात धुतले, बोटांची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावली, मग तळपायाला. नुसते पाय गार असते तर एवढी घाबरले नसते. पोटही गार होतं. काखेत थर्मामीटर: ३५.८. साडेछत्तीस तरी हवं. झोळीत वजन १ किलो ९५०, जन्माचं २ किलो १००. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच. पण गारठलेलं बाळ ओढून पीत नाही, आणि पोटात दूध नाही म्हणून आणखी गारठतं. गोधडी असलेली ऊब धरून ठेवते, नवी देत नाही. घरी सोडताना हे त्या माउलीला कुणी सांगितलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

बाळंतिणीला उठलं की घेरी येत होती. बाप रात्रपाळी करून आलेला, दारात उभा.

"दादा, शर्ट काढा."

तो आईकडे बघायला लागला. मी टोपी, मोजे, लंगोट तेवढं ठेवून बाळ त्याच्या उघड्या छातीवर उभं टेकवलं आणि आजीच्या जुन्या लुगड्याने दोघांना बांधलं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात बाळांना ऊब देणाऱ्या काचपेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळं अशीच आयांच्या छातीला बांधली होती. बापाची छातीही तेवढीच उबदार असते.

दवाखान्यात न्यायला बोलावलेली गाडी यायला पाऊण तास लागला. तोवर आईने वाटीत दूध काढलं, मी चमच्याने थेंब थेंब पाजलं. निघताना पारा ३६.३. दवाखान्यापर्यंत बापाने लुगड्याची गाठ सोडू दिली नाही.

चौदाव्या दिवशी गेले तेव्हा वजन २ किलो १२०. आजी म्हणाल्या, "आंघोळ नाही घातली, नुसतं पुसून घेतलं." बाप झोपला होता, आणि शर्टाच्या वरच्या दोन बटणांतून लाल टोपी दिसत होती.