बॅचची खबरबात: नोंदी मागवण्यापासून छापण्यापर्यंत

माजी विद्यार्थ्यांच्या अंकात आधी उघडलं जातं ते बॅचवार खबरबातीचं पान. कुलगुरूंचं मनोगत नंतर, बहुधा नाहीच. आणि जुळवायला सगळ्यात चिवट पानही हेच. 'आपली ख्यालीखुशाली कळवा' असं आवाहन केलं की उत्तरं दोनच प्रकारची येतात: 'सगळं मजेत' किंवा अख्खा बायोडेटा.

दोष पाठवणाऱ्याचा नाही, प्रश्नाचा आहे. इतक्या मोघम प्रश्नाला माणूस मोघमच उत्तर देतो. त्यापेक्षा असं विचारून बघा: 'हल्ली कामाच्या दिवशी सकाळी १० ते १२ काय करत असता?', 'गेल्या ३ वर्षांत काय सोडून दिलंत?', 'इथे शिकलेलं काय अजून हाताशी येतं?', 'बॅचमधल्या कोणाशी शेवटचं बोलणं झालं, आणि कशावरून?' चारही प्रश्न एकदम टाकू नयेत. 'यांतल्या कोणत्याही एकाचं उत्तर द्या' म्हणावं. चौथा प्रश्न जरा बेरकी आहे. त्याच्या उत्तरातून संपर्क तुटलेल्या आणखी एखाद्याचा माग लागतो.

फॉर्ममध्ये रकाने जितके कमी तितकं बरं, पण काही गाळून चालत नाही. शिकत असतानाचं नाव आणि आताचं नाव हे दोन वेगळे रकाने हवेत, नाहीतर आडनाव बदललेली वर्गमैत्रीण कोणालाच ओळखू येत नाही. नाव देवनागरीत त्यांच्याकडूनच लिहून घ्यावं. रोमन लिपीतल्या नावावरून ऱ्हस्व-दीर्घ आणि ट-त ओळखत बसलं की चूक ठरलेली. 'बॅच' एवढंच विचारलं तर निम्मे जण प्रवेशाचं वर्ष लिहितात, निम्मे उत्तीर्ण झाल्याचं, म्हणून 'पदवी मिळाल्याचं वर्ष' असंच लिहा. घटना कोणत्या महिन्यातली तेही विचारा. संमतीच्या चौकटी दोन ठेवा, छापील अंकासाठी एक आणि वेबसाइटसाठी एक. अंक माजी विद्यार्थ्यांच्या घरात राहतो, वेबसाइट मात्र सर्च इंजिनमार्फत भावी सासऱ्यांपासून वसुली एजंटापर्यंत कोणालाही सापडते. आणि गूगल फॉर्ममध्ये फोटो अपलोडचा प्रश्न टाकला की उत्तर देणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं. तिथेच बरेच जण फॉर्म बंद करतात. फोटो वेगळा मेलने मागवलेला बरा.

आवाहन नोंदी पाठवण्याच्या शेवटच्या तारखेच्या ६ आठवडे आधी जावं, आठवण ३ आठवडे आधी, शेवटची हाक ४ दिवस आधी. पण खरं काम आवाहनाने होत नाही, बॅच प्रतिनिधीच्या फोनने होतं. प्रत्येक अंकामागे त्याने ८ ते १० जणांना स्वतः विचारलं तरी पान भरतं. ग्रुपवर टाकलेला निरोप सगळ्यांसाठी असतो, म्हणजे कोणासाठीच नसतो. 'तुझी नोंद २००७ सालानंतर आलीच नाही' हे एकट्याला पाठवलेलं वाक्य मात्र लागू पडतं. प्रतिनिधी शक्यतो दोन असावेत, वेगवेगळ्या टोळक्यांतले. एकच असला की त्याच्याच होस्टेलच्या मजल्यावरचे लोक वर्षानुवर्षं पानावर झळकत राहतात.

आता लिहिण्याकडे. समजा, ही मूळ नोंद आली: 'कळवण्यास अत्यंत आनंद होतो की माझी व्हाइस प्रेसिडेंट, ग्लोबल ट्रान्सफॉर्मेशन या पदावर नुकतीच नियुक्ती झाली आहे. या प्रवासात साथ देणाऱ्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.' यातून वाचकाला काहीच कळत नाही: कंपनी काय करते, ही बाई दिवसभर काय करते, 'नुकतीच' म्हणजे कधी. उलट फोन करून तीन गोष्टी विचारल्या की तीच नोंद अशी होते: 'रुग्णालयांच्या बिलांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत ६ वर्षं काढल्यावर जूनमध्ये ४० जणांची टीम तिच्या हाताखाली आली. टीम तीन देशांत विखुरलेली, त्यामुळे पहिली मीटिंग पहाटे साडेपाचला. कोडिंग सुटलं याची चुटपुट आहे. रविवारी स्वतःपुरतं थोडं करते.' पदनाम गेलं, माणूस आला. बदललेला मजकूर मात्र छापण्याआधी तिला दाखवायलाच हवा. चुटपुट बोलून दाखवणं वेगळं आणि ती बॉसच्या वाचनात येणं वेगळं.

एका नोंदीला ६० ते ८० शब्द पुरेत. 'नुकतंच', 'सध्या', 'गेल्या महिन्यात' हे शब्द काढून टाकावेत, कारण मजकूर गोळा होणं आणि अंक हातात पडणं यात सहज तीन-चार महिने जातात. महिना आणि वर्ष लिहा. दुसरा एक नियम अनेक माजी विद्यार्थी नियतकालिकं पाळतात: घडून गेलेलंच छापायचं. ठरलेलं लग्न, अपेक्षित बाळ, 'पुढच्या महिन्यात रुजू होणार' हे सगळं थांबतं. हा नियम कोरडा वाटतो, पण मोडलेल्या साखरपुड्याची बातमी छापून आली की तो का आहे ते कळतं.

मराठीत आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे तो लिहायचं की ते. सगळ्यांना 'ते' आणि 'त्या' केलं तर तिशीतल्या माणसाची नोंद सत्कार समारंभाच्या पत्रिकेसारखी वाचली जाते. सगळ्यांना 'तो' केलं तर ज्येष्ठ बॅचचे लोक दुखावतात, आणि ते रास्तच आहे. सोपा तोडगा म्हणजे नोंद प्रथमपुरुषी छापणं. नाहीतर बॅच प्रतिनिधीच्या नावाने छापावी, म्हणजे 'आमचा अमुक' म्हणण्याचा हक्क त्याला आपोआप मिळतो. एकाच पानावर दोन्ही पद्धती मिसळू नयेत.

खासगी गोष्टींबद्दल हात आखडताच असावा. पूर्ण जन्मतारीख छापू नये, बँका ओळख पटवायला तीच विचारतात. मुलांच्या शाळेचं नाव नको, 'सहा महिने घर बंद करून फिरतोय' हेही परत आल्यावर. घटस्फोट, आजारपण, सुटलेली नोकरी ही बातमी ज्याची त्याच्याकडूनच यावी. मित्राने कळवलेली असेल तर ती छापायची नाही, मग मित्र कितीही जवळचा असो.

निधनाची नोंद सगळ्यात जपून. ग्रुपवरच्या श्रद्धांजलीच्या रांगेला पुष्टी समजू नये. त्यातला पहिला निरोप कोणाचा होता आणि त्याला कोणी सांगितलं, हे शोधत मागे जावं. कुटुंबातल्या कोणाकडून तरी खात्री करावी, सारख्या नावाचा दुसरा विद्यार्थी त्या काळात होता का हे नोंदवहीत पाहावं, आणि मृत्यूचं कारण कुटुंबाने सांगितल्याशिवाय लिहू नये. याहून महत्त्वाचं काम नंतरचं असतं: त्या नावाची नोंद मेलच्या सगळ्या याद्यांत त्याच दिवशी बदलणं. नाहीतर महिन्याभराने घरच्यांच्या हातात देणगीचं आवाहन पडतं.

तांत्रिक खोड्या थोडक्यात. फॉर्मची उत्तरं सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) उतरवून घेतली आणि दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की देवनागरीच्या जागी अनेकदा अगम्य चिन्हं दिसतात. फाइल बिघडलेली नसते; 'डेटा' मेनूतून ती आत घेताना यूटीएफ-८ (सगळ्या लिपींतली अक्षरं साठवण्याची पद्धत) निवडावं. फोन नंबरच्या सुरुवातीचं शून्य एक्सेल खातं, आणि १५ पेक्षा जास्त आकड्यांच्या नोंदणी क्रमांकाचे शेवटचे आकडे शून्य करून टाकतं. असे रकाने आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. फोटो छापायला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) लागतो, म्हणजे ५ सेंटिमीटर रुंदीला सुमारे ६०० पिक्सेल. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो. तिथूनच घ्यायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

अंक मेलने जात असेल तर जीमेल साधारण १०२ केबीनंतर मजकूर कापतं. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं, त्यामुळे ही मर्यादा इंग्रजी अंकापेक्षा फार लवकर येते. काना-मात्राही स्वतंत्र चिन्हंच धरली जातात. कापलेल्या भागात 'यादीतून नाव काढा'ची लिंक गेली की लोक सरळ स्पॅमचं बटण दाबतात. वैयक्तिक जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जातो. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना २०२४ पासून एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरोखर तुमच्याकडूनच आला हे पटवणाऱ्या तांत्रिक व्यवस्था) आणि एका क्लिकवर नाव काढण्याची सोय बंधनकारक आहे. मोठ्या विद्यापीठाची यादी असेल तर हे आयटी विभागाकडून आधी तपासून घ्या.

राहिला प्रश्न न लिहिणाऱ्यांचा. बढती झालेला लिहितो, धंदा बुडालेला लिहीत नाही, आणि मग पान वाचणाऱ्याला वाटतं की आपण सोडून सगळे पुढे गेले. हार्वर्डमध्ये दर पाच वर्षांनी, पुनर्भेटीच्या निमित्ताने, त्या त्या बॅचचं लाल कव्हरचं पुस्तक निघतं. त्यात लोक स्वतःबद्दल पानभरही लिहितात, आणि जशी वर्षं सरतात तसा सूर बदलतो. दर अंकात ते जमणार नाही, पण १०व्या, २५व्या वर्षी एखाद्या बॅचला जास्त जागा देता येते. तिथे 'काय सोडून दिलंत' हाच प्रश्न ठेवा, आणि पहिलं उत्तर बॅच प्रतिनिधीने स्वतःचं द्यावं, खरं. ते आवाहनासोबतच पाठवलं की बाकीच्यांना कोणत्या सुरात लिहायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.