आमची वाटचाल : हबच्या सहा बोल्टांवर उभं राहिलेलं गॅरेज

वडिलांनी शहाद्यात गॅरेज टाकलं तेव्हा काम मुख्यतः ट्रॅक्टरचं आणि जुन्या जीपगाड्यांचं होतं. पावसाळा लागला की धडगाव, मोलगी, तोरणमाळकडे फिरणाऱ्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणाऱ्या, गाड्या दारात उभ्या राहायच्या. तक्रार ठरलेली : "भाऊ, पुढलं चाक जोरच लेत नही."

गाडी जॅकवर घेतली की दोष बहुतेक वेळा लॉकिंग हबमध्येच सापडायचा. पुढच्या चाकाच्या मधोमध फ्री आणि लॉक अशा खुणांची जी टोपी असते, तोच हा हब. लॉक केला की अ‍ॅक्सल शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, चाकाला जोडला जातो. फ्री ठेवला की डांबरी रस्त्यावर पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारा गिअरचा डबा) आणि शाफ्ट उगाच फिरत नाहीत, झीज वाचते. बहुतेक जीपगाड्यांत हा हब सहा बोल्टांवर बसलेला असतो.

बोल्ट तुटला की जाडजूड बोल्ट घाला, असं पुष्कळ जण सांगतात. आमचं मत वेगळं आहे. बोल्टांचं खरं काम हबचं आणि चाकाचं अशी दोन तोंडं एकमेकांवर घट्ट दाबून धरायचं. चाकाचा जोर त्या दाबातून जातो. तोंडावर ग्रीस, काळ्या मातीचा राप किंवा जुन्या गास्केटचा तुकडा राहिला की हब केसभर सरकतो, बोल्ट ढिले पडतात आणि भर चढावर एकामागून एक कापले जातात. चाकाच्या बेअरिंगला खेळ असेल तर हे आणखी लवकर होतं. म्हणून आमच्याकडे आधी चाक वर-खाली हलवून बघतात, मगच हबला हात लावतात.

वडील हाताच्या अंदाजाने आवळायचे आणि त्यांचा हात पक्का होता. पण पोरं वाढली, प्रत्येकाचा जोर वेगळा. तेव्हा पैसे साठवून टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, घेतला. गॅरेजला वळण लागलं ते तिथून. तोंड आणि आटे पेट्रोलने धुऊन कोरडे करायचे, आट्यांना बोल्ट ढिला पडू नये म्हणून थेंबभर लॉकिंग द्रव लावायचा, स्प्रिंग वॉशर नवे घालायचे, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळायचे आणि शेवटी कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणायचे. मग प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून हबपर्यंत पिवळ्या रंगाची एकच रेघ ओढायची. बोल्ट फिरला तर रेघ तुटते. ड्रायव्हरला पाना लागत नाही, चहाला थांबला तरी नजर टाकता येते. ही रेघ बघून आमचं काम ओळखणारे ड्रायव्हर आज अक्कलकुव्यापर्यंत आहेत.

गाडी थोडी चालली की परत बोलावून बोल्ट तपासतो, त्याचे पैसे घेत नाही. सुरुवातीला लोकांना ही उगाच खेप वाटायची. आता तेच वेळ काढून येतात.

ग्राहकांना एक गोष्ट मात्र आजही बजावून सांगावी लागते. घाट उतरून कोरड्या डांबरावर आलात की फोर बाय फोर काढा. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. चिखलात चाक घसरून हिशेब जुळतो, डांबरावर तो सगळा ताण हब आणि शाफ्टवर येतो. आणि दोन्ही हब एकाच खुणेवर ठेवा, एक लॉक अन् एक फ्री नको.

बऱ्याच नव्या गाड्यांत हाताने फिरवायचा हब नसतो. पण सातपुड्यात जुन्या जीपगाड्या अजून रोज चढतात. त्यांच्यासाठी बोल्ट, वॉशर, सर्क्लिप, गास्केट आणि ओ-रिंग आम्ही कायम साठवून ठेवतो.