पहिल्याच चेंडूला समुद्र

ग्लासगोहून एअरला जाणाऱ्या गाडीत उजवीकडची खिडकी मिळाली, तर प्रेस्टविक टाउन स्टेशन यायच्या जरा आधी मोबाईल पर्समध्ये टाकावा आणि बाहेर बघावं. रुळांना लागून एक दगडी भिंत धावते. भिंतीपलीकडे गवताचा अरुंद पट्टा, आणि त्याच्या टोकाला, स्टेशनला अगदी खेटून, तीन-चार माणसं काठ्या घेऊन उभी दिसतात. त्यातला एक जण गाडी निघून जायची वाट बघत असतो. समुद्रावरचा वारा त्याच्या डावीकडून येतोय, भिंत उजवीकडे आहे. चेंडू जरासा उजवीकडे सुटला की थेट रेल्वेच्या हद्दीत.

हा प्रेस्टविक गोल्फ क्लबचा पहिला होल, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून (तिला ‘टी’ म्हणतात) चेंडू घालायच्या खड्ड्यापर्यंतचा पट्टा. नावच ‘रेल्वे’. लांबी जेमतेम ३४५ यार्ड. गोल्फमध्ये ही लांबी म्हणजे काहीच नाही, चांगला खेळाडू दोन फटक्यांत ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत गवतावर, पोचतो. पण भिंत टीपासून ग्रीनपर्यंत पाठ सोडत नाही. चेंडू भिंतीपलीकडे गेला की तो ‘आउट ऑफ बाउंड्स’: एक फटका दंड, आणि पुन्हा त्याच जागेवरून मारायचं. म्हणजे अजून टीवरून पाऊल हललेलं नाही आणि तुम्ही तिसरा फटका मारताय.

कराडच्या आत्याला मी गोल्फ शिकतेय हे कळल्यावर तिने फोनवर पहिला प्रश्न विचारला, “अगं, तो साहेबलोकांचा खेळ ना? परवडतो कसा?” आपल्याकडे तो तसाच आहे. पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सवरून रिक्षा जाते तेव्हा आत कोण खेळतं हे रिक्षावाल्याला ठाऊक नसतं आणि आपल्यालाही. उदयन माने हा पुण्याचा पोरगा टोकियो ऑलिंपिकला खेळला, तेही आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? इथे स्कॉटलंडच्या एअरशायरमध्ये मात्र नगरपालिकेच्या मालकीचे कोर्स आहेत. निवृत्त पोस्टमन, शाळेतल्या बाई, प्लंबर, सगळे संध्याकाळी खेळून येतात. मला शिकवलं ते शेजारच्या आजींनी. त्यांची ट्रॉली माझ्या वयाची असेल.

त्या आजींनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगून ठेवली होती: खेळ अवघड नाही, पहिली टी अवघड आहे. मला तेव्हा वाटलं की हा नवशिक्याला दिलेला दिलासा. नंतर जसजसे कोर्स बघत गेले तसतसा माझा एक सिद्धांत तयार झाला, आणि तो मी इथल्या लोकांनाही ऐकवते. स्कॉटलंडमधले जुने पहिले होल अवघड आहेत ते कुणा वास्तुविशारदाने खलबतं करून तसे बांधले म्हणून नव्हे. पहिली टी गावाला चिकटून असते म्हणून. माणसं घरातून निघून चालत कोर्सवर यायची, त्यामुळे खेळ सुरू व्हायचा तो गावाच्या वेशीवर, आणि वेशीवर जे काही असतं ते सगळं पहिल्या होलच्या वाट्याला आलं: स्टेशन, रस्ता, ओढा, समुद्राचा किनारा. आयर्लंडमध्ये बॅलीबनियनच्या पहिल्या टीच्या उजव्या हाताला तर चक्क दफनभूमी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या होलपर्यंत गाव मागे पडतं आणि मग फक्त वाळूच्या टेकड्या आणि वारा.

सेंट अँड्रूजला गेलात तर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. ओल्ड कोर्सचा पहिला होल, ‘बर्न’, म्हणजे ओढा. फेअरवे, म्हणजे टी आणि ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा, शंभर यार्डांहून रुंद, कारण तो अठराव्या होलशी सामायिक आहे. मध्ये एकही बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, नाही. जगातला सगळ्यात सोपा पहिला फटका म्हणतात याला. पण मैदानाच्या मधून ‘ग्रॅनी क्लार्क्स वाइंड’ नावाची वाट जाते, तिच्यावरून लोक कुत्री घेऊन, मुलं घेऊन, आइस्क्रीम खात समुद्राकडे चाललेले असतात. रविवारी तर कोर्स बंदच, सगळं मैदान गावकऱ्यांना फिरायला मोकळं. आणि ग्रीनच्या तोंडाशी तो ओढा, स्विल्कन बर्न. एकोणिसाव्या शतकात गावातल्या बायका इथे कपडे धुवायच्या आणि गवतावर वाळत घालायच्या. खेळाडू आणि धुणं यांची भांडणं इतकी व्हायची, की १८५१च्या नियमांत एक कलमच होतं: चेंडू कपड्यांवर पडला तर कपडे खालून ओढून घ्यावेत, आणि जवळ धुण्याचं टब असेल तर ते बाजूला करावं. मला हे कलम फार आवडतं. खेळ थांबवला नाही, धुणंही थांबवलं नाही.

आता इतक्या रुंद मैदानावर चेंडू हद्दीबाहेर कोण घालवणार? इयन बेकर-फिंच या ऑस्ट्रेलियन खेळाडूने १९९५च्या ओपनमध्ये, म्हणजे ब्रिटनमधल्या मानाच्या गोल्फ स्पर्धेत, घालवला. डावीकडे, म्हणजे पहिला फेअरवे ओलांडून, अठरावा फेअरवे ओलांडून, रस्त्यापलीकडे. शेजारी उभा होता अमेरिकेचा दिग्गज खेळाडू अरनॉल्ड पामर, त्याची ती शेवटची ओपन, त्यामुळे गर्दी तुफान. बेकर-फिंच कुणी ऐरागैरा नव्हता, चारच वर्षांपूर्वी, १९९१ला, हीच स्पर्धा त्याने जिंकली होती. मी त्या टीच्या मागच्या कठड्याला टेकून उभी राहिले तेव्हा डावीकडे बघत होते आणि मला खरंच कळेना, हे जमलं कसं. मग एक जपानी काका टीवर आले. त्यांच्या मागे क्लबहाउसच्या मोठ्या खिडक्या, कठड्यापाशी आम्ही बघे, स्टार्टरने नाव पुकारलं आणि सगळे गप्प झाले. त्या क्षणी शंभर यार्डांची रुंदी आक्रसून जिन्याएवढी होते, हे काकांच्या खांद्यांकडे बघूनच समजत होतं. फटका मात्र त्यांनी झकास मारला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

ही खिडक्यांची भानगड प्रत्येक कोर्सवर आहे. क्लबहाउसमध्ये सूप पीत बसलेल्या लोकांना दुसरं बघायलाच काय असतं? त्यात छोट्या क्लबांत सरावाची वेगळी जागा नसते. गाडीतून उतरायचं, बूट बांधायचे, गारठलेल्या कमरेने पहिलाच फटका पूर्ण ताकदीनं मारायचा. दुकानदाराची सकाळची भवानी जशी दिवसभर डोक्यात राहते, तसा हा फटका पुढचे चार तास डोक्यात बसून असतो. मित्रमंडळींत खेळताना पहिला बिघडला तर दुसरा मारू देतात, त्याला ‘मलिगन’ म्हणतात. नियमांत त्याला स्थान नाही, आणि आजींपुढे तर नाहीच नाही.

एक गंमत कार्डावरही आहे. प्रत्येक होलला अवघडपणाचा क्रमांक दिलेला असतो, स्ट्रोक इंडेक्स. कमकुवत खेळाडूला अवघड होलवर एकेक फटका सवलत मिळते, त्यासाठी हा हिशेब. पण पहिला होल कितीही जीवघेणा असला तरी त्याला सहसा पहिला क्रमांक देत नाहीत. कारण बरोबरी झाली की निकालासाठी बऱ्याचदा पुन्हा पहिल्या होलवरच जातात, आणि तिथे एकाला फुकटची सवलत मिळाली तर दुसऱ्यावर अन्याय. म्हणजे अवघड आहे हे सगळ्यांना माहीत, फक्त कागदावर लिहायचं नाही.

आधुनिक कोर्स बांधणारे पहिला होल मुद्दाम सौम्य ठेवतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. दर आठ-दहा मिनिटांनी नवा गट सुटतो. पहिल्यालाच चेंडू शोधत बसले लोक, तर मागे रांग लागते आणि संध्याकाळपर्यंत ती फिटत नाही. चेंडू शोधायला नियमानं तीन मिनिटं मिळतात, २०१९च्या आधी पाच मिळायची. आमच्या गटातल्या दोघींना सौम्य पहिला होलच हवा असतो. मला मात्र तो बेचव वाटतो. पहिल्या फटक्याला पोटात गोळा आला नाही तर एवढं थंडीत कुडकुडत यायचं कशाला?

२०१९ला ओपन ६८ वर्षांनी उत्तर आयर्लंडला, रॉयल पोर्टरशला परत आली. रोरी मॅकइलरॉय तिथलाच. सोळाव्या वर्षी त्याने या कोर्सवर अठरा होल ६१ फटक्यांत संपवण्याचा विक्रम केला होता. पहिला होल ४२१ यार्डांचा, दोन्ही बाजूंना आउट ऑफ बाउंड्स. आम्ही सकाळी चहा घेऊन टीव्हीसमोर बसलो होतो. रोरीने आयर्न, म्हणजे आखूड लोखंडी काठी, काढली, म्हणजे सुरक्षित खेळायचं ठरवलं, आणि चेंडू डावीकडे प्रेक्षकांत. एका बाईच्या मोबाईलची काच फुटली आणि चेंडू हद्दीबाहेर. चार फटक्यांत व्हायच्या होलला आठ. त्या दिवशी ७९. दुसऱ्या दिवशी तो वेड्यासारखा खेळला, ६५ केले, आणि तरी पुढच्या फेरीसाठी एकाच फटक्याने कमी पडला. टीव्हीवर पंडित मंडळी दोन दिवस तंत्राबद्दल बोलत होती. आजी म्हणाल्या, घरच्या अंगणात सगळं गाव बघायला आलं की असंच व्हायचं.

पण पहिल्या होलचा खरा राजा बघायचा तर किंटायरच्या द्वीपकल्पावर मॅक्रिहानिशला जावं लागतं. ग्लासगोहून गाडीने साडेतीन तास सहज जातात: लॉख लोमंडच्या काठाने, ‘रेस्ट अँड बी थँकफुल’चा घाट चढून, इन्व्हररी, टार्बर्ट करत खाली दक्षिणेकडे. रस्ता सुंदर आहे आणि पोटात ढवळणारा आहे, लहान मुलं बरोबर असतील तर आल्याच्या वड्या ठेवा. शेवटी कॅम्बलटाउन लागतं, व्हिस्कीसाठी प्रसिद्ध. तिथून पश्चिमेला थोडं गेलं की जमीन संपते.

क्लब १८७६चा. तीन वर्षांनी सेंट अँड्रूजचे नामवंत गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस आले आणि कोर्स अठरा होलचा झाला. पहिली टी किनाऱ्याच्या कडेला, उंचावर. फेअरवे समोर नाहीच! समोर आहे अटलांटिक. किनारा डावीकडे वळत जातो, फेअरवे त्याच्या पलीकडच्या काठाने पसरलेला, आणि चेंडू पाण्या-वाळूवरून तिरका उडवून तिथे पोचवायचा. किती वाळू ओलांडायची हे ज्याने त्याने ठरवायचं. जास्त धाडस केलं तर पुढचा फटका सोपा, घाबरून उजवीकडे मारलं तर ग्रीन फार लांब पडतं. होलचं नाव ‘बॅटरी’, लांबी चारशे यार्डांच्या वर. खाली वाळूवर फिरणाऱ्यांसाठी पाटी आहे, वर पहिली टी आहे, धोका, जरा पुढे सरकून चाला. कोकणातल्या माणसाला ही पाटी बघून हसू येईल, आपल्याकडे किनाऱ्यावर पाट्या भरतीच्या असतात.

मला सगळ्यात भावलं ते हे, की इथे किनारा हद्दीबाहेर नाही. चेंडू वाळूत पडला आणि ओहोटी असेल तर खाली उतरा, शंखशिंपल्यांतून मारा आणि वर या. प्रेस्टविकची भिंत तुम्हाला शिक्षा करते, मॅक्रिहानिशचा समुद्र वाटाघाटी करतो. बायकांची टी थोडी पुढे आहे, तरीही वाऱ्यात वाळू ओलांडायला चांगला फटका लागतोच. माझा चेंडू वाळूत गेला, एका कुत्र्याने तो तपासून पाहिला, मालकीणबाईंनी त्याला हाक मारली, आणि मी तिथूनच पुढे खेळले. सहा झाले. बरोबरच्या स्थानिक काकूंचे चार. त्या म्हणाल्या, ओहोटी तुझ्या बाजूनं होती.

आता मागून एक किस्सा, कारण हा लेख वाचून कुणाला वाटेल की पहिला होल नीट पार पडला म्हणजे झालं. इंग्लंडमधल्या रॉयल लिदम अँड सेंट अ‍ॅन्सचा पहिला होल पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत व्हायला हवा असा. ओपन जिथे भरते त्या कोर्सांत अशी सुरुवात फक्त इथेच, एका फटक्यात दोनशेहून जास्त यार्ड अचूक मारायचे. २००१ला शेवटच्या दिवशी वेल्सचा इयन वूझनम आघाडीवाल्यांत होता. त्याचा पहिला फटका होलमध्ये जाता जाता राहिला, चेंडू खड्ड्यापासून वीतभरावर. दोनमध्ये काम झालं. दुसऱ्या टीवर पोचल्यावर कॅडीने, म्हणजे पिशवी वाहणाऱ्या सहायकाने, सांगितलं की पिशवीत परवानगीच्या चौदाऐवजी पंधरा क्लब (म्हणजे काठ्या) आहेत, सरावासाठी आणलेला एक ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, आतच राहिलाय. दंड दोन फटके, तोही पहिल्या होलच्या खात्यावर. दोनाचे चार. शेवटी तो संयुक्त तिसरा आला.

आमच्या बायकांच्या गटात पहिल्या टीवर कुणीही काहीही बोलायच्या आधी सगळ्या आपापले क्लब मोजतात.