तुम्ही विचारलंत म्हणून: दिल्लीचा संशोधन निधी आणि आपला हंगाम

काजू प्रक्रियेच्या प्रशिक्षणात, बागायतदारांच्या मेळाव्यात, कधी एसटीची वाट बघतानाही मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "केंद्र सरकार संशोधनाला लाख कोटी देतंय म्हणे. त्यातलं आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात काय येणार?" इथल्या लहान प्रक्रिया उद्योजकांना मी प्रस्ताव लिहायला मदत करते, म्हणून लोक मला विचारतात. उभ्याउभ्या दिलेलं उत्तर नेहमी अर्धवट राहतं.

लाख कोटींचा आकडा खरा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै 2025 मध्ये संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजनेला मंजुरी दिली, ती 1 लाख कोटी रुपयांची. पण ते अनुदान नाही. मुख्यतः दीर्घ मुदतीचं, कमी व्याजाचं किंवा बिनव्याजी कर्ज आहे, आणि तेही तंत्रज्ञान निव्वळ कल्पनेच्या पुढे गेलेलं असेल तरच. पैसा मधल्या निधी व्यवस्थापकांमार्फत कंपन्यांपर्यंत जातो. या योजनेमागचं कारण मला पटतं. आपला देश संशोधनावर जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च करतो आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा एक तृतीयांशापेक्षा थोडासाच जास्त आहे. कंपनीने स्वतःच्या प्रयोगशाळेवर केलेल्या खर्चाच्या दुप्पट वजावट एकेकाळी आयकरात मिळायची. ती 2017 पासून दीडपट झाली आणि 2020 पासून जेवढ्यास तेवढी. कंपन्यांना संशोधनाकडे वळवायला काहीतरी हवंच होतं. फक्त सरबताची बाटली भरणाऱ्या माणसाने या योजनेकडे डोळे लावून बसू नये.

आपल्या कामाच्या खिडक्या वेगळ्या आहेत. जैवतंत्रज्ञानाशी जोडलेली नवी कल्पना असेल तर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या संस्थेचं 'बिग' अनुदान, 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत. यंत्राचा नमुना बनवायचा असेल तर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची 'निधी-प्रयास' योजना, 10 लाखांपर्यंत. स्टार्टअप म्हणून नोंदणी असेल तर केंद्राच्या स्टार्टअप इंडिया बीज निधीतून चाचणी आणि नमुन्यासाठी 20 लाखांपर्यंत, इन्क्युबेटरच्या, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या संस्थेच्या मार्फत. आणि सिद्ध झालेल्या पद्धतीने कारखाना टाकायचा असेल तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना: प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख, बँकेच्या कर्जाला जोडून. खिडक्या कमी नाहीत. अडतं कुठे, ते काजूच्या बोंडावरून, म्हणजे काजूची बी ज्याच्या टोकाला लटकते त्या रसाळ फळावरून सांगते.

पिकलं की बोंड आपसूक गळतं. बाया बी पिरगळून पाटीत टाकतात आणि बोंड तिथेच झाडाखाली राहतं. वजनात ते बीच्या कितीतरी पट. गोव्यात त्याची फेणी होते. आपल्याकडे मार्च ते मे बागेत शिरलं की आंबूस वास येतो तो या कुजणाऱ्या बोंडांचा. रस काढायला सोपा, पण काही तासांत आंबतो आणि टॅनिन या तुरट द्रव्यामुळे घसा धरतो. त्यावरचा उपाय साधा आहे: रसात साबुदाण्याची पेज घालायची, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचा नितळ रस काढून घ्यायचा. बादलीभर रसाला हे छान जमतं. टाकीभर रसाला पेज किती, किती वेळ ठेवायचं, लाल बोंडाला किती नि पिवळ्याला किती, मार्चच्या कोरड्या दिवसांतलं प्रमाण वळवाचा पाऊस पडून गेल्यावरही चालतं का, हे सगळं नव्याने तपासावं लागतं. संशोधन म्हणतात ते हेच, आणि ते बोंड झाडावर असतानाच करता येतं.

आता 'बिग'च्या 18 महिन्यांचं गणित मांडा. जानेवारीत पैसे हातात आले तर पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत दोन हंगाम मिळतात. जूनमध्ये आले तर मुदत पुढच्या वर्षीच्या डिसेंबरला संपते आणि मधे हंगाम येतो एकच. रक्कम तीच, मुदत तीच, काम निम्मं. वेंगुर्ल्याजवळच्या एका जोडप्याचं असंच झालं. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा बागेत चिखल होता. पहिल्या तिमाहीचा प्रगती अहवाल मागितला गेला, आणि बोंडावर काम करणाऱ्याने ऑगस्टमध्ये प्रगती दाखवायची कशी? त्यांनी यंत्र घेतलं, बिलं जोडली. पुढच्या हंगामात जे प्रमाण हाती आलं ते पुन्हा पडताळायला दुसरा हंगाम उरलाच नाही. माणसं हुशार होती, कष्टाळू होती. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पैसा कमी पडला नव्हता.

म्हणून माझं मागणं एकच आहे. झाडावर, पिकावर, माशावर अवलंबून असलेल्या प्रकल्पांची मुदत महिन्यांत मोजू नका, हंगामांत मोजा. निदान दोन हंगाम द्या आणि पहिला हप्ता फेब्रुवारीच्या आत पोचवा. यासाठी जादा तरतूद लागत नाही.

सरकारला हा धीर जमत नाही असं कुणी म्हणू नये. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र बघा, आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तिथे 'रत्ना' आंबा तयार झाला, 1981 साली प्रसारित झाला. हापूसला जो साका पडतो, म्हणजे आतला गर स्पंजासारखा होऊन बिघडतो, तो याला पडत नाही आणि झाड दरवर्षी धरतं. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 'सिंधू' आला, अगदी पातळ कोयीचा. आज आपण लावतो ती वेंगुर्ला नावाची काजूची कलमंही तिथलीच. संकर करायचा, रोप वाढवायचं, मोहोराची वाट बघायची, फळ चाखायचं, नापसंत झालं तर पुन्हा पहिल्यापासून. कुठलाही खासगी गुंतवणूकदार एवढा थांबला नसता. तिथे दरवर्षी न चुकता पगार झाले, जमीन राखली गेली, म्हणून हे झालं. देशातल्या संशोधनाला निधी देण्यासाठी 2023 च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत 50 हजार कोटींचा अंदाज धरला आहे, पण त्यातले सरकारचे 14 हजार कोटी. बाकी मुख्यतः उद्योगांकडून आणि देणग्यांतून उभे राहायचे आहेत. देणगीदार कोयीच्या जाडीसाठी वीस वर्षं थांबेल असं मला वाटत नाही. अशी केंद्रं सरकारी पैशावरच चालली पाहिजेत.

तोवर आपल्या हातात आहे ते करा. बोंडावर काम करायचं असेल तर प्रस्ताव पावसाळ्यातच तयार ठेवा आणि कामाचा तक्ता हंगामाप्रमाणे मांडा. बिगरहंगामी महिन्यांत साठवणुकीची चाचणी, तपासण्या, लेबल असं काम दाखवा. मंजुरी उशिरा आली तर मुदतवाढीचं पत्र शेवटच्या महिन्यापर्यंत ठेवू नका, पहिल्याच अहवालासोबत द्या. पद्धत खरोखर नवी असेल तर आंबा महोत्सवात बाटली मांडून ती सगळ्यांना समजावून सांगण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करा. व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी 1600 रुपये आहे, मोठ्या कंपनीला 8000. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात, म्हणजे फेब्रुवारीत अर्ज केलात तर अख्खा एक हंगाम हातात राहतो. आजीच्या पद्धतीच्या कोकम आगळाला मात्र पेटंट मिळणार नाही, पारंपरिक ज्ञानाला कायद्याने ते नाकारलं आहे. त्यावर खर्च करू नका.