अमेरिकेत डॉक्टर कमी, मग रेसिडेन्सीच्या जागा इतक्या मोजक्या का?

भारतातून हमखास येणारा प्रश्न: तिकडे डॉक्टर मिळत नाहीत म्हणता, मग एमबीबीएस झालेल्यांना सरळ घेत का नाहीत? टंचाई खरीच आहे. इथल्या मेडिकल कॉलेजांची संघटना एएएमसी हिचा 2024 चा अंदाज असा की, 2036 पर्यंत 86,000 पर्यंत डॉक्टर कमी पडू शकतात. पण गाडी अडते ती रेसिडेन्सीत, म्हणजे पदवीनंतर हॉस्पिटलात काम करत घ्यायच्या प्रशिक्षणात. टेनेसीसारख्या काही राज्यांनी अलीकडे थोडी वाट मोकळी केली आहे, तरी बहुतेक ठिकाणी इथे रेसिडेन्सी केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही.

रेसिडेंटच्या खर्चाचा मोठा वाटा मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांची सरकारी विमा योजना, उचलते. 1980 साली एका सरकारी समितीने पुढे डॉक्टर जास्त होतील असं भाकीत केलं. ती धास्ती टिकली आणि 1997 च्या बॅलन्स्ड बजेट कायद्याने बहुतेक हॉस्पिटलांना मिळणारे पैसे 1996 मधल्या रेसिडेंटच्या संख्येला बांधून टाकले. तेव्हा देशाची लोकसंख्या 27 कोटी होती, आज 34 कोटींच्या आसपास आहे. 2020 च्या अखेरीस संसदेने 1,000 जागा वाढवल्या, त्याही वर्षाला जास्तीत जास्त 200. हॉस्पिटलं स्वतःच्या खिशातून जागा वाढवतात, पण गरज कुठे आहे यापेक्षा परवडतं काय, हे तिथे आधी पाहिलं जातं. चुकलेल्या भाकिताची किंमत आज खेड्यापाड्यांतले पेशंट मोजत आहेत.

समजा पैसे मिळाले, तरी जागा दुप्पट करता येत नाहीत. जनरल सर्जरीच्या रेसिडेंटला 5 वर्षांत किमान 850 मोठ्या शस्त्रक्रिया कराव्या लागतात, त्यातल्या 200 शेवटच्या वर्षात. प्रत्येक केस लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, चढते: कोणती शस्त्रक्रिया, त्यात आपली भूमिका काय. बाजूला उभं राहून रिट्रॅक्टर (चिरलेला भाग उघडा धरायचं साधन) धरला तर ती मोजली जात नाही. दरवर्षी 5 सर्जन बाहेर काढायचे तर 4,250 केसेस हव्यात. तेवढेच पेशंट 10 जणांत वाटले तर कोणाचाच हात बसणार नाही. ही अट मला अजिबात जाचक वाटत नाही. उद्या त्याच हातात कोणाचं तरी पोट उघडलेलं असणार आहे.

मग निवड कडक होते. एकेका प्रोग्रॅमकडे, म्हणजे हॉस्पिटलातल्या रेसिडेन्सी विभागाकडे, मूठभर जागांसाठी अर्जांचा ढीग येतो आणि बऱ्याच ठिकाणी पहिली चाळणी संगणकच लावतो: लायसन्ससाठीच्या परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्याचे, म्हणजे स्टेप 2 सीकेचे गुण, नापास झालेले प्रयत्न, पदवीचं वर्ष, व्हिसा. स्टेप 1 ला जानेवारी 2022 पासून फक्त पास-नापास आहे, त्यामुळे सगळा भार स्टेप 2 सीकेवर आला. एकदा पास झालात की गुण सुधारण्यासाठी ती पुन्हा देता येत नाही. तयारी अर्धवट असताना तारीख गाठायची म्हणून बसणं, हीच सर्वांत महागात पडणारी चूक.

अर्ज सप्टेंबरच्या अखेरीस प्रोग्रॅमकडे उघडतात, निकाल मार्चमध्ये, कामावर हजर 1 जुलैला. परदेशी नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांपैकी 2025 मध्ये साधारण 58 टक्क्यांना जागा मिळाली, तर इथल्या एमडीच्या (इथली ती पहिली वैद्यकीय पदवी) शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी 93 टक्क्यांच्या वर. त्याच वेळी फॅमिली मेडिसिनच्या शेकडो जागा पहिल्या फेरीत रिकाम्या राहतात, आणि गावांना हवे असतात नेमके तेच डॉक्टर.

जागा मिळाली तरी जे-1 या प्रशिक्षणासाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर रेसिडेन्सीनंतर 2 वर्षं मायदेशी राहावं लागतं. ते टाळायचं तर डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात 3 वर्षं नोकरी करायची. कॉनराड 30 नावाच्या या सवलतीत एका राज्याला वर्षाला 30 च डॉक्टर घेता येतात. अर्ज बहुतेक राज्यांत ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतात. कॅलिफोर्निया, टेक्सासमध्ये त्या 30 जागांवर झुंबड उडते, म्हणून रेसिडेन्सीच्या शेवटच्या वर्षाआधीच नोकरीचा करार शोधायला लागा.