आडवी ओळ, उभा अपूर्णांक

८÷२(२+२) = ? हे कोडं आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा आलं आणि ठरलेले दोन तट पडले. नणंदबाई मराठी शाळेत शिकवतात, त्यांचं उत्तर १६. दिरांचं १, सोबत पुरावा म्हणून कॅल्क्युलेटरचा फोटो. न्यू जर्सीतला भाचा मधेच ‘पेमडास’ हे तिकडचं क्रियांच्या क्रमाचं सूत्र घेऊन उतरला. शेवटी दिरांनी मला ओढलं, “वहिनी, तुम्ही तर गणिताची पुस्तकं लावता. सांगा आता.”

लावते म्हणजे डीटीपी करते, संगणकावर छपाईची पानं जुळवते. अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांसाठी गाईडं, सरावसंच, उत्तरसूची. दोन्ही बाजूंचे उभे अपूर्णांक लावून मी ग्रुपवर टाकले : एकात फक्त २ रेघेखाली (येतात १६), दुसऱ्यात सगळा २(२+२) रेघेखाली (येतो १). म्हटलं, तुमचं कुठलं ते निवडा. त्यावर दोघांचंही “मी हेच तर म्हणत होतो” झालं आणि विषय कोणाच्या तरी वाढदिवसावर गेला. माझ्या मते या भांडणात गणित चिमूटभर आहे, बाकी सगळी छपाई.

हेच कोडं २०१९च्या जुलैअखेरीस ट्विटरवर जगभर पेटलं होतं. तेव्हा स्टीव्हन स्ट्रोगाट्झ या गणितज्ञाने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लिहिलं. रूढ नियमाने उत्तर १६ येतं, पण मुळात असं लिहूच नये, असा त्याचा सूर होता. लोकांनी त्यातलं १६ तेवढं उचललं.

दिरांचा कॅल्क्युलेटर मात्र बिघडलेला नाही. कॅसिओच्या एफएक्स-९९१ईएक्सच्या माहितीपुस्तिकेत नियमच छापलाय : गुणाकाराचं चिन्ह गाळलं असेल तर तो गुणाकार भागाकाराच्या आधी. त्यात ६÷२(१+२) टाका, यंत्र आपणहून कंस घालून ६÷(२(१+२)) करतं आणि १ दाखवतं. भाच्याच्या देशात शाळकरी पोरांकडे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं टीआय-८४ असतं, ते त्यालाच ९ म्हणतं. गंमत पुढेच आहे. त्याच कंपनीचं जुनं टीआय-८२ कॅसिओच्या बाजूचं होतं, टीआय-८३ पासून कंपनीने पक्ष बदलला. गुगलला विचारलं तर तो आधी (८÷२)×(२+२) असं स्वतःच लिहून घेतो आणि मग १६ देतो. किराणा दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरला तर क्रम वगैरे भानगडच नाही. २+३×४ दाबा, २० येणार, कारण तो हातात येईल तसं मोजत जातो. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही सोयी आहेत : स्टँडर्डला २०, सायंटिफिकला १४. आणि एक्सेलमध्ये उणे दोनचा वर्ग करायला =-२^२ लिहाल तर ४ येतो. पायथन या संगणकीय भाषेत त्यासाठी -२**२ लिहिलं तर उणे ४. तेव्हा “मशीन खोटं बोलत नाही” हे खरं, पण कुठलं मशीन ते आधी सांगा.

नणंदबाईंचा भरवसा ‘कंचेभागुबेव’वर. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. आपल्यातल्या प्रत्येकाने हे घोकलंय, त्यामुळे त्याच्याकडे नीट बघायचं राहून गेलंय. ‘भागु’ अक्षरशः पाळलं, म्हणजे सगळे भागाकार आधी उरकले, तरी बिघडत नाही : १२×६÷३ डावीकडून करा किंवा ६÷३ आधी करा, २४च. अमेरिकेतल्या पेमडासमध्ये गुणाकाराचं अक्षर पुढे आहे. ते कुणी अक्षरशः घेतलं तर २४÷६×२ चे २४÷१२ होऊन २ येतात, खरे ८ असताना. तिथल्या शिक्षकांना म्हणूनच बजावावं लागतं की हे दोघे एकाच पायरीवर उभे आहेत. इथे आपण बरे सुटलो. पण ‘बेव’मध्ये आपणही तितकेच सापडतो. १०−३+२ मध्ये “आधी बेरीज” म्हणून ३+२ केले की १०−५, उत्तर ५. खरं ९. अधिकच्या सगळ्या संख्या आधी गोळा करा, असा त्या ‘बे’चा अर्थ घ्यायचा असतो. चांगले शिक्षक तो सांगतात, गाईडवाले सांगत नाहीत. ही गाईडं मीच लावते, त्यामुळे हे खात्रीने म्हणते.

आणि ते ‘चे’! दिरांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा नणंदबाईंच्याच सूत्रात बसलाय. ‘२४ ÷ ६ चे निम्मे’ म्हणजे २४÷३, उत्तर ८. ‘चे’ काढून × घातलं की २४÷६×०.५, उत्तर २. म्हणजे गुणाकारच, पण चिन्हाविना चिकटून आलेला, आणि त्याला आपण भागाकाराच्या आधीचा मान दिलाय. मग २(४) हे ‘चे’च्या रांगेत का नको? नणंदबाई म्हणाल्या, “त्यात ‘चे’ लिहिलंय कुठे?” तेही खरंच. हा मुद्दा तिथेच अडतो आणि माझ्या मते अडूच द्यावा.

अमेरिकेतही तो शंभर वर्षांपूर्वी अडलेला होता. १९१७ मध्ये लेन्स नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त नेमकं हेच बोट ठेवलं. पुस्तकं नियम देतात डावीकडून उजवीकडे जाण्याचा, आणि तीच पुस्तकं ९क²÷३क चं उत्तर ३क धरतात. नियम पाळला तर ते ३क³ यायला हवं. फिजिकल रिव्ह्यू या नियतकालिकाच्या लेखनसूचनांत भागाकाराची तिरकी रेघ (/) आली की गुणाकार भागाकाराच्या आधी, असं स्पष्ट आहे. भौतिकशास्त्रवाले १/२क लिहितात तेव्हा २क खालीच असतो, कोणी शंका घेत नाही.

तिरकी रेघ कशासाठी, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. जागेसाठी. अपूर्णांक उभा लावायचा म्हणजे अंश वर, छेद खाली, मधली रेघ दोघांतल्या लांबाच्या मापाची. त्याला वर-खाली श्वास घ्यायला जागा द्यावी लागते, नाहीतर वरच्या ओळीतला उकार अंशाला टेकतो. अशी पाच उदाहरणं आली की दोन ओळी जातात, प्रकरणभर आली की पान जातं, आणि आमच्याकडे पानं सोळाच्या फॉर्ममध्ये मोजतात. सतरावं पान कोणालाच नको असतं. मग फोन येतो, “ताई, ओळीतच घ्या ना, मुलांना कळतं.” उभी रेघ हा आयता कंस होता, कुणाला किती भागायचं ते ती स्वतःच सांगत होती. ती गेली आणि ÷ आलं. हे चिन्ह भागाकारासाठी १६५९ मध्ये योहान रान या स्विस माणसाच्या पुस्तकात छापलं गेलं. आज आयएसओच्या गणिती चिन्हांच्या मानकात ते भागाकारासाठी वापरू नये असं म्हटलंय. आपल्या प्राथमिक शाळांतून ते हलणार नाही आणि हलायची गरजही नाही. ÷च्या पुढे कंसाला चिकटलेली संख्या ठेवू नका, एवढं पुरे.

मी तेवढंच करते. गेल्या हंगामात एका स्पर्धापरीक्षेच्या सरावसंचात ४८÷४(१+२) आलं होतं, आणि पर्यायांत ३६ही होता, ४ही. मी प्रूफवर पेन्सिलने × घालून प्रश्नचिन्ह काढलं. लेखकांचा निरोप आला : × घातलं तर प्रश्नातली मेखच जाते. मेख मुलांच्या गणिताला हवी की लेखकांच्या हौसेला, हे मी विचारलं नाही, प्रकाशकांना उत्तरसूचीतला ३६ आणि कॅसिओवरचा ४ शेजारी शेजारी ठेवून दाखवला. तक्रारीचे फोन कोणाला घ्यावे लागतात हे त्यांना माहीत आहे. × छापलं गेलं. त्याच संचातलं ३६÷६(३) मात्र तसंच गेलं, कारण तो भाग दुसऱ्या ऑपरेटरकडे होता.