उजवं पुढचं चाक : कॅव्हेलियरचा दुसरा मोसम

"दोनशे तीन," मी म्हणालो. मुलीनं वहीत आकडा लिहिला, वरचे दोन पुन्हा वाचले आणि म्हणाली, "बाबा, तू तापमापकाची सुई नीट घातलीस ना?"

सुई नीटच होती. मे महिन्यातला दुसरा शनिवार. हीट रेस, म्हणजे मुख्य शर्यतीआधीची छोटी शर्यत, संपून दोन मिनिटंही झाली नव्हती आणि मी उलट्या बादलीवर बसून उजव्या पुढच्या टायरचं तापमान घेत होतो. आतली कड 146, मध्य 158, बाहेरची कड 203 फॅरनहाइट. बाहेरच्या खांद्यावर रबराच्या वळ्या जमल्या होत्या, शाळेत खोडरबराचा भुगा बोटाखाली वळायचो तशा. टायर नवा होता. दुसऱ्याच रात्री खांद्यावरची नक्षी पुसली गेली होती आणि आतली कड मात्र दुकानातून आणल्यासारखी कोरी. म्हणजे पैसे अख्ख्या टायरचे मोजले आणि वापरत होतो तो तिसरा हिस्सा.

या मोसमाची नोंद म्हणजे खरं तर या एका चाकाची नोंद आहे.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. स्टॉक कारमधल्या 'स्टॉक'चा शेअर बाजाराशी काही संबंध नाही. शोरूममध्ये मिळते तशी गाडी, एवढाच त्याचा मूळ अर्थ. नॅसकार या स्टॉक कारच्या शर्यती घेणाऱ्या अमेरिकी संस्थेनं 19 जून 1949 ला शार्लटमध्ये आपल्या मुख्य मालिकेची पहिली शर्यत घेतली तेव्हा तिचं नावच 'स्ट्रिक्टली स्टॉक' होतं. आज टीव्हीवर दिसतात त्या गाड्या म्हणजे नळ्यांचा सांगाडा आणि वर गाडीचा मुखवटा; त्यात शोरूमचं काही उरलेलं नाही. ते नाव थोडंफार खरं उरलंय ते तळाच्या वर्गात : चार सिलिंडरच्या जुन्या छोट्या गाड्या, रस्त्यावरचे टायर, कारखान्यातून आलं तसं इंजिन आणि घराजवळचा पाव-अर्ध्या मैलाचा ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक. वर्गाचं नाव गावागणिक बदलतं. कुठे हॉर्नेट, कुठे मिनी स्टॉक, नॉर्थ कॅरोलिनातल्या बोमन ग्रे स्टेडियममध्ये 'स्टेडियम स्टॉक'. तिथे फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा सपाट डांबरी ट्रॅक आहे आणि नॅसकारच्या शर्यती 1949 पासून चालू आहेत. टोपणनाव 'मॅडहाउस'. कधी गेलात तर नाव का पडलं ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

मला हे वेड लागलं ते मिशिगनमध्ये. 2019 मध्ये ऑफिसातला एक जण डेट्रॉइटच्या दक्षिणेला फ्लॅट रॉकला घेऊन गेला. तिथे इंग्रजी आठच्या आकारातही शर्यत होते आणि मधल्या चौकात गाड्या एकमेकींना आडव्या छेदून जातात. मी कोल्हापूरचा. दाभोळकर कॉर्नरचा सिग्नल बंद पडल्यावर जे होतं ते इथे तिकीट लावून दाखवतात, हे बघून माझं मन एकदम रमलं.

गाडी 2004 ची शेव्हर्ले कॅव्हेलियर, 2.2 लिटरचं इकोटेक इंजिन, पाच गिअर, 700 डॉलर. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे दाराखालच्या पत्र्यातून बोट आरपार गेलं होतं. घेताना ते बघून घासाघीस केली, घरी आल्यावर त्याच भोकाकडे बघून डोकं धरलं. काचा, सीटा, डॅशबोर्ड, एअरबॅगा, गालिचा सगळं काढून टाकलं. चालकाभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याची नळी पावणेदोन इंच बाहेरचा व्यास आणि 0.095 इंच जाडीची. वेल्डिंग मी टाचण्यापुरतं केलं आणि पक्कं एका जाणत्या वेल्डरकडून करून घेतलं, कारण जीव माझा आहे. पिंजरा, पट्टे, सीट, हेल्मेट यांचा खर्च गाडीच्या तिपटीवर गेला. यात काटकसर करू नका. बाकी सगळीकडे करा.

पहिला मोसम इंजिनापायी वाया गेला. नवा एअर इन्टेक, मोकळा सायलेन्सर, महागडे प्लग. आवाज असा भारी की पिटात, म्हणजे गाड्या उभ्या करून दुरुस्त करतात तिथे, लोक वळून बघायचे. फेरी मात्र 16.9 सेकंदांची ती 16.9 चीच. आणि शेजारच्या पिटातले एक साठी ओलांडलेले काका, चारही बाजूंनी चेपलेली डॉज निऑन घेऊन, दर शनिवारी मला आतल्या बाजूनं ओलांडून जायचे. निऑनचं इंजिन 132 हॉर्सपॉवरचं, माझं 140 चं. कागदावर मी पुढे होतो.

ज्यांनी कोईमतूरचा करी किंवा चेन्नईचा ट्रॅक बघितलाय त्यांना ओव्हल सोपा वाटेल. दोन्हीकडे वळायचंही नाही, फक्त डावीकडे. अण्णांनाही तसंच वाटलं होतं. त्यांची हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेली, व्हिडिओ कॉलवर शर्यत बघून म्हणाले, "आरं, एकाच अंगाला वळायचं हाय तर स्टिअरिंग कशाला, बांधून टाक की." त्यांना विनोद करायचा होता, पण बांधलेल्या स्टिअरिंगची गाडी जशी वागेल तशीच माझी वागत होती. मी डावीकडे कितीही वळवली तरी ती सरळ भिंतीकडे निघालेली. याला इकडे 'पुश' म्हणतात.

कारण साधं आहे. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत वळवणं, ओढणं आणि बहुतेक ब्रेक मारणं ही तिन्ही कामं पुढच्या दोन चाकांवर. एका पगारावर चालणाऱ्या घरासारखं. त्यात सतत डावीकडे वळताना वजन उजवीकडे झुकतं, म्हणजे दोघांतलं एक जवळजवळ मोकळं आणि सगळा भार उजव्या पुढच्यावर. पाव मैलाच्या ट्रॅकवर दर आठ सेकंदांनी एक यू-टर्न येतो. 16.4 ची फेरी म्हणजे ताशी सरासरी 88 किलोमीटर, हायवेवर शिवशाहीसुद्धा याच्या आसपास पळते. पण शिवशाहीला दर आठ सेकंदांनी यू-टर्न घ्यायला लावून बघा.

तर 203. बाहेरची कड जास्त तापते याचा अर्थ वळणात टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतोय. त्याला वरून आत कलवायला हवा. आमच्या वर्गात स्ट्रट (चाकाला धरणारा शॉक-स्प्रिंगचा खांब) मूळचाच लागतो, पण कॅम्बर, म्हणजे चाकाचा हा कल, किती ठेवायचा यावर बंधन नाही. उजव्या पुढच्याला उणे 2.5 अंश होता तो उणे 4 केला. डाव्याला उलटा, अधिक 2, म्हणजे डावीकडे वळताना दोन्ही चाकं एकाच बाजूला झुकतात. स्ट्रटचं बोल्टाचं भोक कानशीनं लांबट करायला एक अख्खी संध्याकाळ गेली. उजवीकडे हवा 38 वरून 42 पीएसआय, डावीकडे 24. पुढच्या शनिवारी आकडे आले 163, 171, 184. फेरी 16.7. डोळ्यांना फरक दिसला नाही, हातांना कळला : स्टिअरिंग जड झालं होतं. म्हणजे टायर अखेर काही तरी धरत होता.

मग मला चढली. जूनमध्ये चार चाकांखाली ठेवायचे वजनकाटे एक रात्र उसने मिळाले. माझ्यासकट गाडी 2412 पौंड, त्यातलं 63 टक्के पुढे. उजवं पुढचं आणि डावं मागचं मिळून एकूण वजनाच्या 51.3 टक्के. हा कर्ण कमी केला की डाव्या पुढच्या चाकावर भार येतो, ते बाहेर पडताना नुसतं फिरत बसत नाही आणि गाडी वळते. मागच्या उजव्या स्प्रिंगमध्ये रबराचा ठोकळा घातला. कर्ण 49.4. गणित बरोबर होतं. 14 जूनच्या हीटमध्ये तिसऱ्या फेरीला समोर कोणी तरी अडखळला म्हणून मी वळणाच्या मधोमध गॅसवरून पाय उचलला आणि मागची चाकं पुढे यायला निघाली. भारत-पाकिस्तान सीमेवरचे जवान वळतात तशी गाडी गर्रकन फिरली. पुढच्या क्षणी मी उलट्या तोंडानं उभा होतो आणि अकरा गाड्या माझ्याकडे बघत येत होत्या. कानातल्या रिसिव्हरमध्ये "यलो, यलो, यलो", म्हणजे पिवळा झेंडा, सगळ्यांनी वेग उतरवा. कुणी धडकलं नाही, हे त्यांचं कौतुक.

ठोकळा काढला नाही. मऊ रबराचा घातला आणि पाय उचलायची सवय मोडायला घेतली. यात निऑनवाल्या काकांनी जे केलं ते कुठल्याही सेटअपपेक्षा कामाचं ठरलं. त्यांच्या फीचर, म्हणजे मुख्य, शर्यतीला, माझी गाडी पिटात बंद पडलेली असताना, त्यांनी मला पहिल्या वळणाच्या कुंपणाशी उभं राहायला सांगितलं. "बघू नकोस. खांब मोज." सरळ पट्ट्यावर दिव्यांचे खांब आहेत. निऑनचा आवाज तिसऱ्या खांबाशी उतरायचा. मी पाचव्याशी उतरवतो. त्यांचा आवाज मग वळणाच्या मध्यालाच परत चढायचा, एकसारखा, न अडखळता. माझा कुठे चढत असेल ते मला चांगलंच माहीत होतं : भिंत समोरून गेल्यावर.

पुढच्या शनिवारी सरावात तिसऱ्या खांबाशी पाय काढला. भेकड वाटलं. गाडी रिकामी चालल्यासारखी, मागचा घुसेल असं वाटत राहिलं. मुलगी स्टॉपवॉच घेऊन होती. 16.4. मी तिला परत लावायला सांगितलं. 16.4. गेल्या वर्षीपेक्षा अर्धा सेकंद, वीस फेऱ्यांत दहा, म्हणजे अर्ध्या फेरीहून जास्त. आणि त्या महागड्या सायलेन्सरचा यात छदामाचा वाटा नाही.

तेलाचं एक सांगून ठेवतो, नाही तर कुणाचं तरी इंजिन जाईल. सतत डावीकडे वळलं की चेंबरमधलं तेल उजवीकडे चढतं आणि पंप हवा ओढतो. लाल दिवा वळणात लुकलुकला तर ती वायरची भानगड समजू नका. मी अर्धा लिटर तेल जास्त ठेवतो, तेव्हापासून दिवा गप्प आहे.

जुलैत आवाज सुरू झाला. पिठाच्या गिरणीसारखा, वेगाबरोबर चढणारा. मला टायरचा वाटला. जॅकवर घेऊन चाक हलवलं, काही खेळ नाही. अण्णांना कॉल लावून फोन चाकाजवळ धरला. त्यांनी दहा सेकंद ऐकलं आणि वैतागले. "फोनवर काय ऐकू येतंय? स्प्रिंगवर हात ठेव आन् चाक फिरव." ठेवला. उजव्या स्प्रिंगमध्ये बारीक खरखर, व्हायब्रेटवर ठेवलेल्या मोबाइलसारखी, थेट तळहातात. डावीकडची स्प्रिंग मऊ, मुकी. बेअरिंग गेलं होतं. उणे 4 कॅम्बर, सगळा भार त्याच्यावर, त्याचं तरी काय चुकलं? पहिल्यांदा स्वस्तातला हब (बेअरिंग ज्यात बसवलेलं येतं तो भाग) मागवला, तो चार शनिवारांत वाजायला लागला. आता बरा घेतलाय आणि पेटीत एक जास्तीचा ठेवलाय. दर शर्यतीनंतर स्प्रिंगवर हात ठेवणं हे मुलीच्या यादीत पहिलं काम आहे.

मुलीचं आणखी एक. ऑगस्टच्या सुरुवातीला तिनं वही चाळून विचारलं, "मागच्या उजव्या टायरची हवा आपण एकदाही का नाही बदलली?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही बदलली. तो आकडा मात्र इथे लिहीत नाही. कारण पुढे येईल.

16 ऑगस्ट. तेरा गाड्या, मी नववा सुटलो. पहिल्या पाच फेऱ्या मी कोणालाच ओलांडलं नाही, फक्त खांब मोजले. सहाव्या फेरीपासून पुढच्यांची उजवी पुढची चाकं थकायला लागली. वळणाच्या शेवटी त्यांच्या गाड्या अर्धी गाडी बाहेर जायच्या आणि आत दार उघडायचं. सातवा, सहावा. चौदाव्या फेरीला यलो, पुन्हा रांगा, आणि माझ्या बरोबर पुढे निऑन. काकांना ओलांडता आलं नाही. सहा फेऱ्या त्यांच्या मागच्या बंपरवरचा एकच पोचा बघत काढल्या. शेवटच्या वळणात एक होंडा भिंतीला घासली आणि आम्ही दोघं तिच्या आतून निघालो. ते चौथे, मी पाचवा. बक्षीस 40 डॉलर. दोघांचे पिटपास त्याहून महाग.

उजवं पुढचं : 161, 169, 178. टायरची नक्षी तिन्ही ठिकाणी सारखी झिजलेली. मुलीनं त्या आकड्यांभोवती चौकट आखली. मी बादलीवर बसून पाणी पीत होतो तेवढ्यात काका आले, हेल्मेट काखेत, वाकून टायरवर बोट फिरवलं, दोनदा. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "मागे उजवीकडे हवा किती ठेवतोस?"

मी तोंड उघडायच्या आत तिनं वही मिटली.